पसाभर कोंडा

दिवाळी सरली की उमरेड-भिवापूरकडच्या गावांतून मंडया, म्हणजे तिकडच्या जत्रा, भरायला लागतात. शिंगाडे, रेवड्या, फुगे, पाळणे आणि गावाबाहेरच्या मोकळ्या वावरात एक स्टेज. स्टेजच्या आधी चौकात फ्लेक्स लागतो. वर सरपंचापासून सुरुवात करून कुणाकुणाचे फोटो, आणि खाली नाचणाऱ्या बायांचे. प्रत्येकीच्या नावाआधी 'सिनेतारका' लिहायची रीतच आहे. जिनं सिनेमा फक्त खुर्चीत बसून पाहिला तीही सिनेतारका. वाचणाऱ्याला ते ठाऊक असतं, छापणाऱ्यालाही असतं, कुणी कुणाला विचारत नाही.

यंदाच्या फ्लेक्सवर सगळ्यात खाली, कोपऱ्यात, 'सिनेतारका शोभा नागपूरकर' असं होतं. तेवढं एकच खरं होतं.

मंडईची पोरं सुपारी द्यायला आली तेव्हा त्यातल्या एकानं गमतीनं विचारलं होतं, "ताई, कोणत्या पिक्चरमध्ये होत्या तुम्ही?"

"होती एका. मेली नं मी त्याच्यात."

"म्हंजे?"

"म्हंजे मेली. साप चावला."

पोरं हसली. शोभाताईही हसल्या. पन्नाशी ओलांडलेली बाई, गुडघ्यांना पट्टे बांधून पायऱ्या उतरते, आणि ढोलकीवर थाप पडली की तीच बाई पट्टे सोडून उभी राहते. पण यंदाची मंडई शेवटची, असं त्यांनी कंपनीच्या मालकाला सांगून टाकलं होतं. नाचून झालं होतं, पाहून झालं होतं. एकच गोष्ट राहिली होती. त्यांच्या आईनं त्यांना सोडवून न्यायचं राहिलं होतं.

ते काय प्रकरण आहे ते सांगायचं तर त्या पिक्चरपासूनच सांगावं लागेल.

शोभाताईंचे वडील बाबाराव नागपुरात सीताबर्डीवरच्या एका टॉकीजमध्ये गेटकीपर होते. हातात बॅटरी, खांद्यावर पंचा. अंधारात उशिरा आलेल्या माणसाला खुर्चीपर्यंत नेताना त्यांचा रुबाब असा, की जणू पिक्चर त्यांनीच काढलाय. टॉकीजच्या मालकाच्या ओळखीचा एक दिग्दर्शक मुंबईहून आला होता. 'शेवंतीचं रान' नावाचा पिक्चर काढत होता. उमरेड रोडवरच्या एका खेड्यात शूटिंग, आणि नायिकेची सात वर्षांची पोर म्हणून त्याला इकडचीच मुलगी हवी होती.

"रडता येतं का तिला?" दिग्दर्शकानं विचारलं.

"रडाचं काय घेऊन बसले साहेब," बाबाराव म्हणाले. "थांबवता येत नाही, एवढंच."

शोभा झाली 'बेबी शोभा'. आई इंदुताईला बाबारावांनी अर्धीच गोष्ट सांगितली. अंगणात खेळायचं, झोक्यावर बसायचं, आईच्या गळ्यात पडायचं. शेवटी पोर साप चावून मरते, हे त्यांनी गिळून टाकलं. इंदुताई भिवापूरकडची, मिरचीच्या खळ्यावर वाढलेली. तिच्या जिभेला आणि हाताला दोन्हीला धार होती. बाबाराव तिला भीत असत, आणि तसं कबूलही करत.

थंडीचे दिवस. पोरीसोबत शूटिंगला बाबारावच राहिले होते. युनिटचं जेवण फिकं लागतं म्हणून पोर नीट खाईना. हे कानावर आलं तशी इंदुताईनं एक दिवस वांग्याची भाजी केली, भाकरी थापल्या, डबा बांधला आणि कुणाला न सांगता उमरेडची एसटी धरली. फाट्यावर उतरली. धुऱ्यानं, शेताच्या बांधावरून, चालत गेली. समोर तळ्याच्या काठी गर्दी दिसली, म्हणून तिकडेच वळली.

सात वर्षांच्या लेकराला आपल्याकडे तिरडी नसते. हातावर नेतात. पण मुंबईच्या लोकांना पडद्यावर तिरडी दिसायला हवी होती. हिरव्या बांबूची तिरडी, झेंडूच्या माळा, कपाळावर गुलाल, चार जणांच्या खांद्यावर. आणि त्या तिरडीवर शोभा. सकाळपासून तिला निजवून ठेवली होती, वर थंडीतलं ऊबदार ऊन होतं, त्यामुळं ती खरोखरच गाढ झोपली होती. पापणीसुद्धा हलत नव्हती. दिग्दर्शक खूश होता.

इंदुताईच्या हातून डबा सुटला. मग ती धावली.

तिला धरायला माणसं पुढं झाली, पण वांग्याच्या भाजीवरून घसरून दोघं आपटले. तिनं तिरडी खाली खेचली, पोरीला उचलून छातीशी धरलं. शोभा दचकून जागी झाली. इकडंतिकडं पाहून पहिलं वाक्य बोलली ते हे : "माय, डबा कुठी हाय?"

बाबारावांना त्या दिवशी लोकांदेखत काय काय ऐकावं लागलं ते त्यांनी पुढं कधी कुणाला सांगितलं नाही. परतीच्या एसटीत इंदुताई पोरीच्या कपाळावरचा गुलाल पदरानं पुसत राहिली. निघून गेला तरी पुसत राहिली.

ते राहत त्या जुन्या शुक्रवारीतल्या बाया तिला समजवायला आल्या.

"इंदू, उलट बरं झालं वं. जित्या माणसाची मेल्याची बातमी उठली का आयुष्य वाढते."

"बातमी येगळी," इंदुताई म्हणाली. "तिरडी येगळी."

तिला झोप लागेना. पोर शिंकली तरी ती उठून बसे. शेवटी भिवापूरहून तिच्या मायनं उपाय कळवला. जुनाच उपाय. ज्या लेकराला धोका असेल ते दुसऱ्या बाईला कोंड्याच्या मोलानं विकून टाकायचं. सुपात घालून पोर द्यायचं, बदल्यात पसाभर कोंडा घ्यायचा. म्हणजे वरच्याला वाटतं, कोंड्याच्या भावानं गेलेलं पोर ते, त्याला कायले नेता. वर्ष नीट पार पडलं की कोंडा परत करायचा, वर एक लुगडं द्यायचं आणि आपलं लेकरू सोडवून आणायचं.

द्यायची कुणाला, हा प्रश्न होता. गल्लीच्या टोकाला यमुताई राहायची. नाटक कंपनीत नाचायची, मंडयांना जायची. एकटी. नळावर तिची बादली शेवटी लागायची, हळदीकुंकवाला तिला बोलावणं नसायचं. इंदुताईनं नेमकी तीच निवडली. तिचा हिशेब सरळ होता. ज्या घराकडं अख्खी गल्ली पाहत नाही, त्या घरात यमदूत तरी कायले डोकावीन?

सुपात सात वर्षांची पोर मावेना. मग तिला सुपात नुसती उभी केली.

"वर्षभर हे पोट्टी तुही," इंदुताई म्हणाली. "पुढच्या मंडईच्या वक्ती सोडवून नेईन."

यमुताईनं पोरीकडं वरून खाली पाहिलं. "खाईन कुठी हे?"

"माह्या घरी."

"झोपन?"

"माह्याच घरी."

"मंग माह्याकडं येऊन काय कराचं हाय तिनं?"

"काही नाही. तुही राहाचं. बस."

"हे बरं हाय," यमुताई म्हणाली. "असं पोट्टं तं मले कवाचंच पाहिजे होतं."

तिच्या घरात कोंडा नव्हता. शेजारून मागून आणला आणि ओंजळभर इंदुताईच्या पदरात घातला. व्यवहार झाला. त्या रात्री इंदुताई पहिल्यांदा नीट झोपली.

चूक झाली ती एवढीच, की ज्या घराकडं कुणी पाहत नव्हतं त्या घरात घुंगरू होते.

शोभा शाळेतून आली की खाऊन गल्लीच्या टोकाला जायची. आपण हिच्या आहोत म्हटल्यावर जायलाच हवं, असं तिला वाटायचं. यमुताई भिंतीला टेकून विडा लावत बसलेली असायची. पोर समोर बसून राहायची. पहिले काही दिवस दोघींना एकमेकींशी काय बोलावं कळेना. मग एक दिवस यमुताई म्हणाली, "बसून काहून राहिली? उभी राह्य. पाय आपट पाहू."

पोरीनं आपटला.

"असा नाही वं. जमिनीचा राग आल्यावानी काय आपटते. जमीन दचकली नाही पाहिजे, जागी झाली पाहिजे."

त्याच वर्षी पिक्चर लागला, बाबारावांच्याच टॉकीजमध्ये. इंदुताई गेली नाही. कुणी नाव काढलं तरी कानावर हात ठेवायची. आणि बाबारावांनी पहिल्या खेळाला पाहिलं की दिग्दर्शकानं तिरडीचा सीन तसाच ठेवलाय. बाकी सगळे आवाज मुंबईत नंतर भरले होते, पण एक किंकाळी त्यानं जशीच्या तशी ठेवली होती. पडद्यावर दूर, धुऱ्यावरून, एक बाई धावत येताना दिसते. चेहरा पुरता कळत नाही. डोक्यावरचा पदर पडलेला, ओचा सुटलेला. कॅमेरा तिच्यावरून लगेच नायिकेवर जातो. पण आवाज राहतो.

बायको आपल्याला जित्तं ठेवणार नाही, हे बाबारावांना कळलं. पदर पडलेली, अख्ख्या नागपूरसमोर. त्यांनी एक बंदोबस्त केला. गल्लीतल्या सगळ्यांना थर्डात फुकट सोडलं, आणि दारात प्रत्येकाला बजावलं, "पिक्चर पाहा, पण तोंड बंद ठेवाचं. इंदूले कळलं तं उद्यापासून मी तुमच्याकडं जेवाले येईन." गल्लीनं शब्द पाळला. शोभालाही त्यांनी गळ्याची शपथ घातली. आणि त्यांनी स्वतः काय केलं? तो सीन आला की ते दार उघडून बाहेर जात आणि माठातलं पाणी पीत. पिक्चर होता तोवर दर खेळाला. त्यांच्या सोबतचा गेटकीपर म्हणायचा, बाबारावले त्या सीनले बराबर तहान लागते.

शोभानं तो पिक्चर पडद्याच्या बाजूच्या दारातून किती वेळा पाहिला, त्याला मोजमाप नाही. ती स्वतःला पाहत नव्हती. आईला पाहत होती.

पुढची मंडई आली. ठरल्याप्रमाणं इंदुताई सूप घेऊन निघाली. सुपात पसाभर कोंडा, निळ्या काठाचं लुगडं, नारळ. यमुताईच्या दारात आली तर आत शोभा नाचत होती. पायात यमुताईचे घुंगरू, दोरी तीन वेढे मारून बांधलेली. शाळेच्या स्नेहसंमेलनाचा नाच, म्हणून यमुताई बसवून घेत होती. निदान तसं ती म्हणाली.

"काढ थे," इंदुताई म्हणाली. "अन् चाल घरी."

शोभा उभी राहिली. काढेना.

"ऐकू येऊन नाही राहिलं का तुले?"

"घालूनच येते नं माय," पोर म्हणाली. "घरी दाखवते तुले."

"घुंगरू घालून माह्या घरात नाही याचं."

पोरीनं पायांकडं पाहिलं. मग यमुताईकडं पाहिलं. यमुताईनं मान दुसरीकडं केली. पोर वाकली नाही. बस, तेवढंच झालं. इंदुताईनं सूप उचललं, बाहेर येऊन कोंडा शेजाऱ्याच्या गाईपुढं ओतला आणि म्हणाली, "राहू दे मंग यमीचीच."

लोकांना वाटलं, आठ दिवसांत विसरेल. ती विसरली नाही. शोभा तिच्याच घरी जेवली, तिच्याच घरी झोपली, तापानं फणफणली तेव्हा रात्रभर उशाशी तीच बसली. पण तोंडानं कधी 'माझी' म्हणाली नाही. दिवाळीत धाकट्या लेकाला, ऋषीला, ओवाळायची आणि शोभाला म्हणायची, "तू जाय तुह्या मायकडं." वेणी घालतानासुद्धा "यमीच्या पोरीचे केस पाहा, सुतळीवानी" असं पुटपुटायची, आणि घट्ट, सुंदर वेणी घालायची. पाहुणे हसायचे. थट्टाच वाटायची. शोभालाही बरीच वर्षं थट्टाच वाटली.

शाळा संपली तशी ती यमुताईसोबत कंपनीत गेली. टेम्पोत गुंडाळलेल्या पडद्यांवर बसून प्रवास. खाली बाजाची पेटी, वर पोरी. उमरेडच्या पुढं गेलं की हवेत धानाचा वास. गावात पोचलं की कुणाच्या तरी ओसरीत आरसा टांगायचा, गावातल्या बाया दारातून पाहत उभ्या राहायच्या आणि धीर करून विचारायच्या, "हे गालाले काय लावता वं तुम्ही?" मग त्यांच्याही गालाला थोडं लावायचं. त्या पदरानं पुसून घरी जायच्या, पण थोडं राहू द्यायच्या. दुपारची गंमत, ढोलकीवाल्याचा घाम, बैलबंडीवर उभं राहून पाहणारी म्हातारी माणसं, शिट्ट्या. एकदा भिवापूरकडं एका बुवानं खूश होऊन बक्षीस म्हणून मिरच्यांचं पोतंच स्टेजवर टाकलं होतं. ते फुटलं. पुढची लावणी सगळ्यांनी शिंकत केली, आणि लोकांनी तीच वन्स मोअर मागितली.

कंपनीतल्याच पेटीवाल्याशी शोभाचं लग्न झालं. इंदुताई मांडवात आली. पाहुणीसारखी आहेर घेऊन आली, जेवली, गेली. पाठवणी यमुताईनं केली. चांगला माणूस होता पेटीवाला. फार वर्षं लाभला नाही. मूलबाळही झालं नाही.

त्या सगळ्या वर्षांत शोभाताईंची एक सवय होती, ती त्यांनी कुणाला सांगितली नाही. स्टेजवर जायच्या आधी पडद्याच्या फटीतून त्या बायकांच्या बाजूला पाहायच्या. आईनं सुपातून परत नेलेलं ते निळ्या काठाचं लुगडं कुणाच्या अंगावर दिसतं का. कधी कधी दिसायचं. निळे काठ खूप बायांचे असतात.

आता गल्ली तीच, पण माणसं गेली. बाबाराव गेले. टॉकीज पडली. ऋषीनं मनीषनगरला फ्लॅट घेतला, इंदुताई तिकडं राहते. यमुताई मात्र गल्लीतच, शोभाताईंसोबत. या पावसाळ्यात ती न्हाणीत घसरली आणि तेव्हापासून खाटेवर आहे. जीभ शाबूत. एका सकाळी शोभाताई तिला चहा पाजत होत्या तेव्हा ती म्हणाली, "तुहा कोंडा राहून गेला."

"जुनी गोष्ट झाली यमाई."

"जुनी असू दे. घेणारीनं परत करा लागते. मी गेली मंग कोण परत करीन तुले? लटकून राहशीन मधातच. जाय, इंदूले घेऊन ये."

म्हणून एका रविवारी शोभाताई मनीषनगरला गेल्या. इंदुताई जेवणाच्या टेबलापाशी बसून सांबारवडीसाठी सांबार, म्हणजे कोथिंबीर, निवडत होती. सत्तरी पार झालेली, पण बोटं झपाझप चाललेली. समोर ऋषीची मुलगी भूमिका मोबाईल घेऊन बसली होती.

"आली का यमीची?" इंदुताई वर न पाहता म्हणाली. "बस. पाणी दे वं तिले भूमिका."

शोभाताई बसल्या. थोडं सांबार पुढं ओढून त्याही निवडायला लागल्या.

"यमाई थकली, माय."

"हाव. ऐकलं."

"तुले बोलावून राहिली. कोंडा घेऊन ये म्हंते."

इंदुताईची बोटं थांबली नाहीत. "आता काय कराचं कोंडा? म्हातारपणी पोट्टी आणून झोक्यात घालू का?"

"सोडवून नेजो फक्त."

"तवा आली होती मी. तुहे पाय नाही वाकले."

"मी आठ वर्साची होती माय."

"अन् मी कितीची होती?" इंदुताई म्हणाली. "मले कोणी विचारलं का?"

शोभाताईंना बोलायचं होतं, पण इतक्या वर्षांत त्या नाचायला शिकल्या होत्या, आईशी बोलायला नाही. त्यांनी निवडलेल्या काड्या गोळा केल्या आणि पिशवी घेऊन उठल्या.

"आत्या, थांबा नं," भूमिका म्हणाली. "तुमचा पिक्चर कुणीतरी नेटवर टाकलाय. मी काल रात्री पाहिला. प्रिंट बेकार आहे, पण तुम्ही किती क्यूट होत्या."

"बंद कर थे," इंदुताई म्हणाली.

"आजी, एकदा तरी पाहा ना."

"जित्या लेकराची तिरडी पाहाची सांगते का मले? एकदा पाह्यली तेवढी पुरली."

शोभाताई दारापर्यंत गेल्या होत्या. तिथूनच म्हणाल्या, "माय, मले नको पाहू. तू हायस नं त्याच्यात."

इंदुताईनं पहिल्यांदा वर पाहिलं.

"मी?"

"बाबानं गळ्याची शप्पत घातली होती. आता बाबा नाहीत. अन् शप्पत किती दिवस पाळाची. अख्ख्या गल्लीनं पाह्यलं तुले. तू सोडून."

भूमिकेनं तोवर तो सीन काढला होता. मोबाईल सांबाराच्या जुडीला टेकवून उभा केला. फिकट झालेले रंग, मधेच ओरखडे. तळ्याचा काठ, माणसं, झेंडू. इंदुताईनं डोळे मिटून घेतले होते. म्हणून तिनं आधी पाहिलं नाही, आधी ऐकलं.

"माही पोट्टी हाय थे. सोडा. माही हाय थे. माही हाय."

मागं दुःखाची सनई वाजत होती, नायिका हुंदके देत होती, आणि त्या सगळ्यावरून तो आवाज. नायिकेच्या लेकीचं नाव पिक्चरमध्ये चिमी आहे. पण हा आवाज पुढं "शोभे, शोभे" म्हणतो. लोकांना ते कधी खटकलं नव्हतं.

इंदुताईनं डोळे उघडले तोवर धावणारी बाई निघून गेली होती.

"मागं घे," ती म्हणाली.

भूमिकेनं मागं घेतलं. बाई पुन्हा धुऱ्यावर आली. पुन्हा धावली. इंदुताई मोबाईलवर वाकली. तिरडीकडं तिनं पाहिलंच नाही. ती त्या बाईला पाहत होती.

"ओचा सुटून राहिला तिचा," ती म्हणाली. "पडली असती तं?"

"पडली नाही तू."

"किती बारीक होती वं मी." मग म्हणाली, "त्यानं मले सांगितलं नाही. गेला तरी सांगितलं नाही."

"भेत होते तुले."

"भ्याचं होतंच त्यानं." तिनं पदरानं नाक पुसलं आणि भूमिकेला म्हणाली, "आणखी एकदा लाव. मोठ्यानं लाव."

त्या दिवशी शोभाताई मनीषनगरलाच जेवल्या. कोंड्याचा विषय कुणी काढला नाही. पण दुसऱ्या दिवशी सकाळी भूमिकेचा फोन आला, "आत्या, आजी मला कोंडा मागतेय. मी ऑनलाइन गव्हाचा कोंडा मागवला तर पॅकेट फेकून दिलं. म्हणे, हे डाएटचं हाय. धानाचाच पाहिजे, अन् भातगिरणीतलाच पाहिजे. आता बाबा ऑफिसला सुट्टी टाकून उमरेड रोडनं भातगिरणी शोधत फिरताहेत."

दुपारी ऑटो गल्लीच्या तोंडाशी थांबला. इंदुताई उतरली. हातात नवंकोरं सूप, त्यावर फडकं. भूमिका तिला धरून आणत होती. शोभाताई आतल्या खोलीत होत्या. मंडई दोन दिवसांवर आली होती, म्हणून पाय मोकळे करत होत्या. घुंगरू बांधलेले होते. आईचा आवाज आला तशा त्या होत्या तिथंच थबकल्या. हात घुंगरांच्या गाठीकडं गेले, पण गुडघे वाकेनात. या वेळी खरंच वाकेनात.

इंदुताई यमुताईच्या खाटेपाशी बसली.

"दाखव," यमुताई म्हणाली.

इंदुताईनं फडकं काढलं.

"मी पसाभर देल्ला होता. हा एवढुसाच काहून?"

"माहे हात लहान हायेत तुह्यापेक्षा."

"लुगडं?"

इंदुताईनं लुगडं पुढं केलं. निळ्या काठाचं. घड्यांवर रेषा पडलेल्या, वास जुन्या पेटीचा.

"हे तं तवाचंच हाय," यमुताई म्हणाली.

"मंग. तुह्यासाठी घेतलं होतं तं दुसऱ्याले कसं देऊ?"

यमुताईनं लुगड्यावरून हात फिरवला. तिचे डोळे भरून आले, पण जीभ थांबली नाही. "पाह्य बापा, चांगली वापरून परत करून राहिली तुही पोट्टी. गुडघे गेले तिचे. नंतर म्हणजो नको का सांगितलं नव्हतं."

"चालीन," इंदुताई म्हणाली आणि तिनं आतल्या दाराकडं पाहिलं. शोभाताई उंबऱ्यात उभ्या होत्या. एक हात चौकटीला, पायात घुंगरू.

"काढते माय. थांब थोडी," त्या म्हणाल्या. "वाकता येऊन नाही राहिलं."

इंदुताई उठली. जवळ आली. खाली बसायला तिला भूमिकेचा खांदा लागला. तिनं घुंगरांच्या गाठी हातानं चाचपल्या. एक गाठ सैल होती. तिनं ती सोडली. आणि मग पुन्हा बांधली, वेणीसारखी घट्ट.

"येवढी ढिल्ली बांधते का कोणी? स्टेजवर सुटले तं?"

सूप रिकामं झालं. कोंडा यमुताईच्या उशाशी तांब्याच्या ताटात राहिला. शेजारणीला यमुताईपाशी बसवून तिघी ऑटोकडं निघाल्या. गल्लीतून जाताना घुंगरू वाजत होते, आणि दारादारातून माणसं बाहेर येत होती. पहिल्यासारखी ओळखीची त्यात फारशी उरली नव्हती. एका दुकानातल्या नव्या माणसानं विचारलं, "काय आहे, कार्यक्रम आहे का?"

"पोरीले घरी घेऊन चालली," इंदुताई म्हणाली.

ऑटोत मधे शोभाताई, दोन्ही बाजूंना आजी-नात. उड्डाणपुलाच्या आधी रस्ता उखडलेला होता. प्रत्येक खड्ड्याला घुंगरू झणकारायचे आणि ऑटोवाला आरशात पाहायचा.

"पाय थिर ठेव वं," इंदुताई म्हणाली. "कानाचे पडदे फाडते का माह्या?"

शोभाताईंनी पाय आवळून घेतले. थोडं पुढं गेल्यावर इंदुताई बाहेर पाहत म्हणाली, "थे मंडई कोणत्या गावाले हाय म्हणली?"

शोभाताईंनी गावाचं नाव सांगितलं.

"समोर खुर्ची ठेवाले सांगजो. खाली बसता येत नाही मले."